‘हे कुणावर लिहिलंत?’

सुलोचना चव्हाण लावणी म्हणायला माइकसमोर उभ्या राहत, तेव्हा डोक्यावरचा पदर ढळत नसे. हातवारे नाहीत, मुरका नाही, प्रेक्षकांकडे बघून डोळा घालणं तर दूरच. देवळातून परतताना ओळखीचं कुणी भेटलं म्हणून थांबलेली बाई वाटावी, तशा त्या दिसायच्या. आणि त्याच गळ्यातून असा ठसका निघायचा, की पिटातल्या शिट्ट्या थांबायचं नाव घेत नसत.

बाईंची हकिगत बघण्यासारखी आहे. गिरगावात फणसवाडीत वाढलेली सुलोचना कदम आधी हिंदी सिनेमात गात होती. 1951 च्या ‘ढोलक’मधली तिची गाणी जुन्या हिंदी गाण्यांचे दर्दी अजून हुडकून ऐकतात. ‘हीच माझी लक्ष्मी’साठी वसंत देसाईंनी तिच्याकडून लावणी गाऊन घेतली, पडद्यावर होत्या हंसा वाडकर. 1953 मध्ये दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं आणि खरी तालीम घरातच सुरू झाली. लावणीत कुठला शब्द फेकायचा, कुठला दाबायचा, कुठला ओठांवर आणून सोडून द्यायचा, हे श्यामरावांनी दिग्दर्शकाच्या कानानं ऐकलं आणि बायकोकडून घोटून घेतलं. पुढे 1962 च्या ‘रंगल्या रात्री अशा’मधली लवंगी मिरचीची लावणी घराघरांत पोचली. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. 2022 साली पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

लावणीत जी बाई बोलते ती सुलोचनाबाई नव्हेत, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पदराकडे एकदा पाहिलं की प्रश्नच मिटायचा. पण तरीही ते गाणं त्यांचं नव्हतं, असं कोण म्हणेल? त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘माझं गाणं, माझं जगणं’. जगणं म्हणजे लावणीतली हकिगत नव्हे. जगणं म्हणजे ती शब्दफेक, त्यासाठीचा रियाज, नवऱ्यानं धरलेला आग्रह, रेकॉर्डिंगच्या तारखा, घरची पोरंबाळं सांभाळून केलेले दौरे.

इतका साधा भेद आपण मराठी रसिक इतर गाण्यांच्या बाबतीत मात्र विसरतो. गीतकार समोर दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हे कुणावर लिहिलंत?’ विरहाचं गाणं असेल तर विरह कुणाचा, मुलगी सासरी जातानाचं असेल तर मुलगी कुणाची, आणि मरणाचं असेल तर मग विचारायलाच नको. उत्तर मिळालं नाही तर व्हॉट्सॲपवर आयतं तयार असतं. कवी बाळाच्या अंत्यविधीहून परतले, पाकिटावर चार ओळी लिहिल्या, संगीतकाराला रडू कोसळलं, गायिकेनं एका टेकमध्ये गाऊन टाकलं. नावं बदलायची, मजकूर तोच. या कहाण्यांत एक गोष्ट कधीच नसते: काम.

गाण्याचा अर्थ त्याच्या कर्त्यांसाठी बहुतेक वेळा या कामातच असतो, असं मानायला जागा आहे. कहाणी ऐकणाऱ्याला हवी असते. करणाऱ्याला हवा असतो तिसऱ्या ओळीत बसणारा चार मात्रांचा शब्द.

सुलोचनाबाईंची ती लावणी लिहिली कुणी? कोल्हापूरच्या एका शाळामास्तरांनी. जगदीश खेबूडकर शिक्षकाची नोकरी सांभाळून सिनेमासाठी लिहीत. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचं घर जळालं. तेव्हा सोळाव्या वर्षी त्यांनी पोटतिडकीनं एक दीर्घ कविता लिहिली, हे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. लेखकाच्या आयुष्याचाच हिशेब गाण्यात शोधायचा, तर या माणसानं जन्मभर राखेची गाणी लिहायला हवी होती. लिहिलं काय? लावण्या, भक्तिगीतं, शेतातली गाणी, बालगीतं. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’तल्या (1972) लावण्यांनी तर कहर केला. त्या राम कदमांनी बांधल्या आणि उषा मंगेशकरांनी गायल्या. त्यातल्या नायिकेसारखी बाई मास्तरांना आयुष्यात भेटली होती का, हा प्रश्न कुणी विचारला असेलच तर त्याचं उत्तर पटकथेत होतं. प्रसंग मिळाला, पात्र मिळालं, चाल मिळाली, मास्तर लिहायला बसले.

पी. सावळारामांचं सासरी निघालेल्या लेकीचं गाणं घ्या. कऱ्हाडच्या स्टेशनवर एक आई लेकीला निरोप देताना त्यांना दिसली आणि त्यातून ते सुचलं, असं सांगतात. गोष्ट खरी धरली तरी ती काय सांगते? रडत होती दुसरीच बाई. कवी फलाटावर उभा राहून बघत होता. पुढे वसंत प्रभूंनी चाल लावली, लताबाईंनी गायलं आणि महाराष्ट्रातल्या लग्नांत मांडव रडू लागले. सावळाराम स्वतः ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. नळपट्टी आणि गटारांचा विषय हाताळणाऱ्या माणसानं इतकं हळवं लिहावं, याचं आपल्याला नवल वाटतं. त्यांना वाटलं असेल असं नाही.

मग कामाबद्दलच बोलू. शब्द आधी की चाल आधी, यावर गाण्याचा सगळा स्वभाव ठरतो. सिनेमात बहुतेकदा चाल आधी येते. संगीतकार पेटीवर मुखडा गुणगुणतो, तात्पुरते काहीबाही शब्द घालून मीटर सांगतो, आणि गीतकार त्या साच्यात अर्थ भरतो. भावगीतात उलट: कविता आधी आणि चाल तिच्या मागून. मग पंचाईत संगीतकाराची. मराठी ही जोडाक्षरांची भाषा. सूर लांबवायचा तर तो दीर्घ अक्षरावर लांबवावा लागतो. ऱ्हस्व ‘उ’वर आलाप घेतला की शब्द वाकतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते न कळताच काहीतरी खटकतं. श्वास कुठे घ्यायचा हाही प्रश्न असतोच. शब्दाच्या मध्येच श्वास तुटला तर अर्थही तुटतो. सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, या बाबतीत हट्टी म्हणून प्रसिद्ध होते. बाबूजींच्या गाण्यात शेवटच्या अक्षराची ऱ्हस्व वेलांटीसुद्धा ऐकू येते, ती या हट्टामुळे.

‘गीतरामायण’ हे अशा कामाचं मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाडांनी कल्पना मांडली, ग. दि. माडगूळकरांनी (गदिमांनी) लिहायचं कबूल केलं, फडक्यांनी चाली लावायचं. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत प्रसारित झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छपन्न झाली. भक्तिभावाचं जे श्रेय द्यायचं ते द्यावंच, पण क्षणभर त्या दोघांचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणावं. गदिमांकडे सिनेमाची कामं पडलेली. दोन वर्षांनी आलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’चं लेखनही त्यांचंच. बाबूजींकडे रेकॉर्डिंग. आणि आठवडा काही कुणासाठी थांबत नाही. गीत लिहून यायचं, चाल लागायची, गायक ठरायचा, तालीम व्हायची, गीत हवेत जायचं, की पुढचं पान कोरं. या आठवड्यात कौसल्या, पुढे भरत, मग शूर्पणखा, जटायू, कुंभकर्ण. प्रत्येकाच्या तोंडी त्याची भाषा हवी, आणि मागच्या आठवड्याची चाल पुन्हा नको. यात ‘हे कुणावर लिहिलंत?’ विचारणार कसं? शूर्पणखा कुणावर लिहिली?

तरीही गदिमांचं नाव घेतलं की ‘गीतरामायण’ आठवतं आणि बाबूजी तर पुढची कित्येक दशकं ते एकटे बसून, पेटी पुढ्यात घेऊन, गावोगाव गात राहिले. म्हणजे आठवड्याचं काम म्हणून सुरू झालेली गोष्ट जन्माची ओळख झाली. या घडणीला वर्षं लागतात. ती एका रात्रीच्या प्रेरणेची कहाणी नसते, त्यामुळे ती फॉरवर्डही होत नाही.

बाबूजींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. गाणं त्यांच्यासाठी साधनही होतं, अगदी रोकड्या अर्थानं. 1954 मध्ये दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीसाठी पैसा उभा करायचा होता, तेव्हा पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम घडवून आणण्यात ते पुढे होते, आणि नंतर लढ्यातही उतरले. पुढे ‘वीर सावरकर’ चित्रपटासाठी त्यांनी वर्षानुवर्षं लोकांकडून पैसे जमवले. 2001 मध्ये तो चित्रपट आला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्या राजकारणाशी सहमत असो वा नसो, पण स्वतःच्या गळ्याकडे ज्या कोरड्या, व्यवहारी नजरेनं हा माणूस पाहू शकला ती नजर भाबड्या रसिकतेत बसत नाही.

गाणं ओळख देतं, तसं ते धरूनही ठेवतं. अरुण दाते इंदूरचे, संगीतवेड्या रामूभैया दात्यांचे चिरंजीव, शिक्षणानं टेक्स्टाइल इंजिनिअर. आपलं मराठी इंदुरी वळणाचं, ते मराठी गाण्यात चालेल का, ही धास्ती त्यांना होती. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि सोबत सुधा मल्होत्रा, असं ‘शुक्रतारा’ साठच्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीवर वाजलं आणि दाते मराठी भावगीताचा आवाज झाले. पुढे कार्यक्रमाचं नावही ‘शुक्रतारा’च. हजारो प्रयोग, देशात आणि परदेशात. आता विचार करा: एकच गाणं हजारो वेळा. ऐकणारा दर वेळी नवा, त्याच्या आठवणी ताज्या, त्याच्यासाठी ती त्या गाण्याची एकच रात्र. गाणाऱ्यासाठी? घसा बसलेला असेल, तबलजी नवीन असेल, सहगायिका वेगळी असेल. तरी रसिकांच्या डोक्यात रेकॉर्ड वाजत असते, तिच्याशी ताडून पाहिलं जाणार हे नक्की. एखादी जागा वेगळी घेतली की चिठ्ठी येते: ‘मूळ चालीत म्हणा.’ म्हणजे ज्याचं गाणं त्यालाच बदलायची मुभा नाही. शास्त्रीय गायकाला जे स्वातंत्र्य आपण कौतुकानं देतो, ते भावगीत गायकाला देताना आपला हात आखडतो. हा अन्याय आहे, आणि तो आपण टाळ्या वाजवत करतो.

वामनदादा कर्डकांच्या गाण्याचा संसार याहून फार वेगळा. जन्म 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत कष्टाची कामं करत असताना कुणीतरी पत्र वाचून मागितलं आणि आपल्याला वाचता येत नाही याची लाज वाटून ते मोठेपणी अक्षरं शिकले, असं त्यांच्याबद्दल सांगतात. 1943 मध्ये पहिलं गाणं झालं. नंतर हजारोंनी गाणी लिहिली, स्वतः गायली, गावोगाव फिरून लोकांच्या तोंडी घातली. बाबासाहेबांचा विचार ज्यांच्यापर्यंत पुस्तकातून पोचणं शक्य नव्हतं त्यांच्यापर्यंत तो गाण्यातून जात होता, आणि नेणारा स्वतः नुकताच बाराखडी शिकलेला. असं गाणं सभेत उभं राहावं लागतं. पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्यांदा टेक आली की त्यानं सोबत म्हटलं पाहिजे, आणि घरी जाताना त्याच्या डोक्यात मुद्दा उरला पाहिजे. हा हिशेब भल्याभल्या कवींना जमत नाही.

त्यांच्याच काळात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथकात हेच केलं. अण्णाभाऊंची मैनेची छक्कड मुंबईला पोटासाठी आलेल्या गड्याच्या विरहापासून सुरू होते आणि संयुक्त महाराष्ट्रापर्यंत जाऊन पोचते. मैना कोण होती, असं विचारणारा तिथेही चुकतो. वाटेगावहून मुंबईत आलेल्या अण्णाभाऊंना गिरणगावातल्या प्रत्येक खोलीत तसा एक गडी दिसत होता.

वामनदादांच्या कित्येक गाण्यांत शेवटी ‘वामन’ हे नाव येतं. ही नाममुद्रा संतांपासून चालत आलेली. तुकोबांचा अभंग शेवटच्या ओळीत कर्त्याचं नाव घेतो, शाहीरही घेतात. छपाई नव्हती तेव्हा गाणं तोंडातोंडी फिरताना नाव टिकवायचा हाच उपाय होता. आता तोही धोक्यात आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाण्याचा मुखडा तेवढा घुमतो. शेवटचा अंतरा गळाला की त्यातलं नावही गळतं.

नाव नसलेल्या गाण्यांचा एक मोठा साठाही महाराष्ट्रात आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून खेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला, आणि आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या काही आवाजात ऐकायला मिळतात. पहाटे अंधारात, खुंट्याला हात घालून, दोघींनी मिळून दळायचं आणि दळता दळता म्हणायचं. श्रोता नाही, फर्माईश नाही, मानधन तर नाहीच. ऐकायला फक्त जातं. सासूबद्दल, भावाबद्दल, सीतेबद्दल, पंढरीबद्दल जे दिवसा बोलता येत नव्हतं ते पहाटे म्हणता येत होतं. कर्ती आणि गाणारी एकच, आणि आयुष्य थेट गाण्यात आलेलं. म्हणजे आयुष्य गाण्यात येतं, हे कबूलच आहे. फक्त ते शोधण्याची आपली जागा चुकते. आपण ते नाव असलेल्या गीतकारांच्या घरात डोकावून शोधतो, आणि जिथे ते उघड बोललं आहे त्या ओव्या ऐकायची तसदी घेत नाही.

आता पैशाचं. कर्त्यासाठी गाण्याचा हाही एक अर्थ असतो, आणि तो उच्चारला की आपल्याकडे वातावरण एकदम थंड होतं. भारतीय कायद्यानं गायकाला फार उशिरा ओळखलं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गाण्यांवरचा हक्क निर्मात्याच्या पारड्यात टाकला. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडून, गाणाऱ्याला कायद्यात जागाच नाही याबद्दल नापसंती नोंदवली. गायकाला ‘परफॉर्मर’ म्हणून हक्क मिळाला तो 1994 च्या दुरुस्तीनं. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा लिहून देऊन टाकता येणार नाही, अशी तरतूद आली 2012 मध्ये. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. लवंगी मिरचीची लावणी जेव्हा झाली, तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

गंमत अशी की त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क आता संपत आले आहेत. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर साठ वर्षं संरक्षण असतं, म्हणजे 1962 ची तबकडी 2022 अखेर मोकळी झाली. शब्दांची मुदत मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. 2011 मध्ये गेलेल्या खेबूडकरांचे शब्द 2071 पर्यंत मोकळे होत नाहीत, आणि गदिमांचे 2037 पर्यंत. जुनी गाणी ‘आता सगळ्यांचीच’ समजून बिनधास्त वापरणाऱ्या आयोजकांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

नावांचीही तीच रड. आपलं राज्यगीत ‘शाहीर साबळ्यांचं’ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. साबळ्यांच्या आवाजाची ती ताकदच आहे. पण शब्द राजा बढ्यांचे आणि चाल श्रीनिवास खळ्यांची, हे 2023 मध्ये त्याला राज्यगीताचा दर्जा मिळाल्यावरही किती जणांना सांगता येईल? जुन्या आकाशवाणीवर गीत, संगीत, स्वर अशी तीन नावं घेतल्याशिवाय गाणं लागत नसे. आज बहुतेक ॲपवर ठळक दिसतो तो गायक, आणि गीतकार सापडलाच तर दोन-तीन ठिकाणी बोट लावल्यावर.

आपल्याकडे वयोवृद्ध गीतकाराचा सत्कार मात्र हौसेनं होतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, अध्यक्षांचं लांबलेलं भाषण. मग त्यांचीच आठ-दहा गाणी सादर होतात. नाट्यगृहाचं भाडं दिलेलं असतं, साउंडवाल्याचं दिलेलं असतं, वादकांची पाकिटं तयार असतात, जेवणाचा बेतही चांगला असतो. ज्यांच्या गाण्यांवर तिकिटं खपली त्यांच्या हक्काचा परवाना काढायचा असतो, हे कार्यक्रमपत्रिका छापताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्यासाठी कुठे खेटे घालावे लागत नाहीत, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.